धोंडा जेथल्या तेथे

या महिन्यात आपल्याशी कशाविषयी बोलावे, असा विचार करीत टी. नगरमधील आमच्या घराच्या खिडकीशी मी बसले होते. खाली उस्मान रस्त्यावर वाहनांचा कोलाहल नेहमीप्रमाणे चालू होता. एवढ्यात खिडकीच्या कट्ट्यावरील एका वस्तूकडे माझे लक्ष गेले. मुठीत मावेल एवढा, राखी रंगाचा, अंड्यासारखा गुळगुळीत असा तो एक गोटा होता. असा गोटा आमच्या घरात पूर्वी नव्हता. चौकशी करता उलगडा झाला. मे महिन्यात आम्ही सारी मंडळी माझ्या माहेरी, मालवणला गेलो होतो. तेथून परतताना माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने हा ऐवज कपड्यांच्या पिशवीत दडवून आणला होता.

मी रागावण्यापूर्वीच त्याने प्रश्न टाकला, "आजी, हा इतका गोल कुणी केला गं?"

प्रश्न मोठा चांगला होता, म्हणून राग मागे ठेवून मी त्याला स्वयंपाकघरात नेले. आमच्याकडे एका कोपऱ्यात तमिळ घरांतून असते तशी अम्मी आहे, म्हणजे आपला पाटा-वरवंटाच. मी त्याला म्हटले, "या वरवंट्याला हात लावून पाहा. पाथरवटाने टाकी मारून दिला, तेव्हा तो खरखरीत होता. चाळीस वर्षांत मी तो मुद्दाम कधीच घासला नाही, चटणीच वाटली. तरी तो गुळगुळीत झाला, कारण दगडावर दगड फिरत होता आणि मध्ये पाणी होते. समुद्राचीही अशीच अम्मी आहे. फक्त त्याला विश्रांती ठाऊक नाही."

हे उत्तर त्याला पटले. मात्र ते अपुरे आहे, हे मला ठाऊक होते. मालवणचा तो दगडी किनारा केवळ लाटांनी घडवलेला नाही. त्याच्या घडणीत आणखी एका कारागिराचा हात आहे, आणि तो कारागीर मालवणला कधीही आलेला नाही. त्याचे नाव बर्फ. तो कसा, हे आज आपल्याला सांगावे असे वाटते.

प्रथम या किनाऱ्याची ओळख करून घेऊ. कोकणात उत्तरेकडून दक्षिणेस येऊ लागले म्हणजे देवगडच्या पुढे जमिनीचे रूप पालटते. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. मालवणच्या आसपास त्याहून कितीतरी प्राचीन खडक डोके वर काढतात, आणि सड्यांवर जांभ्या दगडाची टोपी दिसते. किनाऱ्यावर या खडकांची रांगच्या रांग समुद्रात शिरलेली आहे. मालवणी माणूस तिला खडप म्हणतो. याच खडकांपैकी एका मोठ्या खडकावर, कुरटे नावाच्या बेटावर, शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली आणि १६६७ साली किल्ला पुरा झाला. किनाऱ्यावरील 'मोरयाचा धोंडा' हाही असाच एक खडक. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा याच धोंड्यापाशी झाली, असे गावात सांगतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र सरकारने हा परिसर 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर केला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचे बेट यांच्या भोवतालचा. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ, हरणे, दाट झाडी येते. येथे ओहोटीच्या वेळी उभे राहिले तर पहिल्या दृष्टीस नुसते दगड दिसतात. नवखा माणूस म्हणेल, यात राखण्यासारखे काय आहे?

थोडे वाकून पाहावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरती-ओहोटीच्या पाण्यात दोन मीटरांहून अधिक फरक पडतो. आपल्या मद्रासच्या किनाऱ्यावर तो मीटरभराच्या आसपासच असतो. म्हणून मालवणचा खडक दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा उन्हात येतो. या येण्याजाण्याला जो जितका सोसू शकतो, तितक्या उंचीवर त्याने घर केलेले असते. वर, जेथे केवळ तुषार पोहोचतात, तेथे बारीक गोगलगायी. त्याखाली चुन्याच्या टोप्या घालून दगडाला चिकटलेले इवले जीव. त्याखाली कालवे आणि शिणाणे. खळग्यांतील पाण्यात कुर्ल्या, समुद्रफुले आणि बोटभर मासे. आणि जेथे पाणी कधीच आटत नाही, तेथे पोवळ्यांच्या वसाहती. एकाच दगडावर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत बिऱ्हाडे असलेली ही चाळच म्हणावी. दगड हलला की सारी चाळ कोसळते.

आता कारागिरांकडे वळू. लाटेचे काम डोळ्यांना दिसते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे लाट खडकाच्या फटीत शिरते. आत अडकलेली हवा दाबली जाते आणि लाट परतताच ती उसळून बाहेर पडते. हजारो वेळा असे झाले की फट रुंदावते आणि एखादा तुकडा सुटतो. मग लाट तोच तुकडा हातोड्यासारखा हाती घेऊन मूळ खडकावर मारते. त्यात खडकही झिजतो आणि हातोडाही गोल होतो. माझ्या नातवाने आणलेला गोटा म्हणजे असा झिजून गेलेला एक हातोडाच. खडकाचा कडा मागे हटत जातो आणि पायाशी दगडी ओटा उरतो. ओहोटीला आपण ज्यावरून चालतो, तोच हा ओटा.

पण लाट काम करते ती पाण्याच्या पातळीवर. पाणी कोठवर असावे, हे ती ठरवीत नाही. ते ठरवण्याचे काम बर्फाने केले.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्याहून बरीच थंड होती. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप यांचा मोठा भाग बर्फाच्या थराखाली दडला होता, आणि कित्येक ठिकाणी हा थर दोन-तीन किलोमीटर जाडीचा होता. एवढे पाणी आले कोठून? ते समुद्राचेच होते. वाफ होऊन वर गेलेले पाणी हिम होऊन जमिनीवर पडत राहिले आणि नद्यांवाटे परत आले नाही. त्यामुळे जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली. चाळीस मजली इमारतीची उंची डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा समजेल.

त्या काळी मालवणास कोणी उभा असता, तर त्याला समुद्र दिसलाच नसता. किनारा पश्चिमेस कितीतरी किलोमीटर दूर होता. मालवणच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात एक उंचवटा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. आज त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर असून त्यावर पोवळी वाढतात. १२० मीटर पाणी ओसरले असता हा माथा कोरडी जमीन होता, हे साध्या वजाबाकीने कळते. आणि कुरटे? ते तेव्हा बेट नव्हते. विस्तीर्ण मैदानातली ती एक खडकाळ टेकडी होती.

पुढे हवा उबदार झाली. दूर उत्तरेस बर्फ वितळू लागले आणि समुद्र वर चढू लागला. हजारो वर्षे तो चढत राहिला. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या जवळ येऊन स्थिरावला. टेकडीभोवती पाणी आले, टेकडीचे बेट झाले, आणि लाटेने आपली छिन्नी तेथे लावली. सिंधुदुर्गाला चहूंकडून जे पाण्याचे संरक्षण मिळाले, ते असे उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाने दिलेले आहे. मालवणच्या मातीवर हिमाचा एक कणही पडला नाही; तरी तिचा किनारा बर्फाने आखला आणि लाटेने कोरला.

पाणी जागा बदलते, ही गोष्ट टी. नगरच्या रहिवाशांना नवीन वाटू नये. आज जेथे कापडाची आणि सोन्याची भव्य दुकाने आहेत, तेथे शंभर वर्षांपूर्वी मैलापूरचा लांबच लांब तलाव होता. १९२३ च्या सुमारास त्याचे पाणी काढून ही वसाहत वसवली गेली आणि तिला सर पी. त्यागराय चेट्टी यांचे नाव मिळाले. आमच्या शेजारच्या वृद्ध आजीबाई अजूनही म्हणतात की, पाण्याला आपले जुने घर आठवते. डिसेंबर २०१५ च्या पुरात या बाजूच्या गल्ल्यांतून पाणी भरले, तेव्हा त्यांचे म्हणणे साऱ्यांना आठवले.

बर्फ आणि लाटा यांचे काम एकत्र पाहावयाचे असेल, तर स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर जावे लागेल. तेथे 'उंच किनारा' या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा एक भाग आहे. २००० साली तो जागतिक वारशात समाविष्ट झाला, आणि २००६ साली समोरच्या फिनलंडमधील क्वार्केन द्वीपसमूहाची त्यात भर पडली. या भागातच स्कुलेस्कोगेन नावाचे राष्ट्रीय उद्यान १९८४ पासून आहे. तेथील अरण्यातून चालताना मध्येच झाडे संपतात आणि गोल गोट्यांचे मोठेच्या मोठे पट्टे लागतात. अगदी आपल्या खिडकीतल्या गोट्यासारखे गोटे! पण समुद्र मात्र तेथून दूर आणि खूप खाली असतो.

मग ते गोल कोणी केले? समुद्रानेच, पण ते समुद्रापाशी होते तेव्हा. बर्फाच्या प्रचंड भाराने तेथील जमीन खाली दबली होती. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ ओसरला, भार उतरला, आणि उशीवरून डोके उचलल्यावर उशी जशी हळूहळू फुगते तशी जमीन वर येऊ लागली. ती अजून येत आहे, वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर. बर्फ सरल्यानंतरची तेथील सर्वांत जुनी किनारारेषा आज समुद्रापासून २८६ मीटर उंचीवर डोंगराच्या अंगावर दिसते. क्वार्केनच्या बाजूस समुद्र इतका उथळ आहे की माणसाच्या एका आयुष्यात नवी जमीन वर येते आणि होड्यांचे जुने धक्के कोरडे पडतात. बर्फ तेच, वितळणेही तेच. पण तेथे जमीन वर आली म्हणून समुद्र मागे हटला, आणि आपल्याकडे जमीन होती तेथेच राहिली म्हणून समुद्र पुढे आला.

ही गोष्ट माणसाला कळली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. आपण हवेचे तापमान मोजतो ते ज्यांच्या नावाच्या अंशांत, त्या आंडर्स सेल्सिअस यांनी १७३१ साली स्वीडनच्या किनाऱ्याजवळील एका खडकावर पाण्याच्या पातळीला खूण कोरविली. पाणी खरोखर ओसरते आहे काय, हे पुढच्या पिढ्यांनी पाहावे, असा त्यांचा हेतू होता. समुद्र आटत असावा, असे त्यांना वाटे. वर येते ती जमीन, हे पुढे इतरांनी ओळखले. अनुमान चुकले, पण खूण चुकली नाही. ती त्या खडकावर होती तेथेच राहिली, आणि आज पाण्याच्या बऱ्याच वर दिसते. तो खडक कोणी उचलून घरी नेला असता, तर त्या खुणेला काय किंमत उरली असती?

आपल्या महाराष्ट्रात बर्फ कधीच नव्हते, असेही समजू नका. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडीच्या जुन्या खडकावर समांतर ओरखडे आहेत. एकोणिसाव्या शतकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन यांनी ते प्रथम नोंदवले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपला देश गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. त्या वेळच्या हिमनदीने तळाशी धरलेले दगड खडकावरून खरडत नेले, त्यांचे हे ओरखडे. त्यांवरच हिमनदीने टाकून दिलेल्या लहानमोठ्या दगडगोट्यांचा थर आढळतो. या ओरखड्यांच्या दिशेवरून हिमनदी कोणत्या रेषेत सरकत होती, हे सांगता येते. अर्थात तो खडक होता तसा आणि होता तेथे असेल तरच. तोच तुकडा फोडून एखाद्याने दिवाणखान्यात मांडला, तर त्यावर नुसत्या रेघा उरतील. त्यांची दिशा हरवलेली असेल.

वाचकहो, दगड हा साक्षीदार आहे, पण तो आपल्या जागी असेपर्यंतच. जागेवरून उठवलेल्या साक्षीदाराची साक्ष कोणतेही न्यायालय मानीत नाही.

येथे मला आपल्याजवळ एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात पितळी समईशेजारी पोवळ्याचा एक पांढरा फुलोरा गेली पन्नास वर्षे मांडलेला आहे. लग्नापूर्वी एकदा मैत्रिणींबरोबर किल्ल्याजवळ ओहोटीत फिरताना तो मीच उपटून आणला. तेव्हा अभयारण्य नव्हते, आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले ते २००१ साली. या सबबी आज मी मनाशी सांगते. पण तो फुलोरा मी आणला तेव्हा पांढरा नव्हता. त्यावर एक तपकिरी-पिवळी झाक होती आणि हाताला तो बुळबुळीत लागला होता, हे मला स्पष्ट आठवते. म्हणजे तो जिवंत होता. मद्रासला येईपर्यंत त्याला वास येऊ लागला. मी तो चुन्याच्या पाण्यात धुतला आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवू लागले. नातवाने पिशवीत गोटा दडवला, तो हे कपाट रोज पाहूनच. उपदेश मी त्याला पुष्कळ केले असतील. पण त्याने उचलले ते उदाहरण.

मालवणच्या मुक्कामातील एक प्रसंगही त्यासोबत आठवला. एके सकाळी रापण ओढणाऱ्या मंडळींजवळ आम्ही उभे होतो. नातवाने खडपातला एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी उचलला होता. जाळे आवरीत असलेला एक वयस्क गाबीत त्याला म्हणाला, "खंय नेतंस रे बाबा तो धोंडो? हंयच ऱ्हवांदे त्येका. कालवां धरतत त्येका." नातवाने तो धोंडा मुकाट्याने खाली ठेवला. शिक्षण झाले, असे मला वाटले. त्याने दुसरा, लहान आणि कालवे नसलेला गोटा तेवढ्यात खिशात घातला होता, हे मला टी. नगरला आल्यावर कळले!

त्या वृद्धाच्या शब्दांवरून आणखी एक विचार मनात येतो. १९८७ साली अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो पुढेही कायम राहिला. शहरात बसून वृत्तपत्र वाचणाऱ्या माझ्यासारखीला प्रथम वाटले, हे लोक निसर्गाचे वैरी आहेत की काय? पण त्यांचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. ज्या खडपात आजोबांनी कालवे काढली, जेथे वडिलांनी जाळे टाकले, तेथे पाय ठेवण्यास उद्या मनाई होईल, ही त्यांची धास्ती होती. शिवाय, किनाऱ्याजवळ येऊन मासळी खरवडून नेणाऱ्या मोठ्या यांत्रिक नौकांशी रापणकर वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. आम्ही हाताने जाळे ओढतो, आम्हालाच बंधन का, हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा कसा म्हणावा?

मला वाटते, खडपाला राखणदार हवा असेल तर तो त्याच्या कडेला राहणाराच असू शकतो. कायद्याची पाटी किनाऱ्यावर उभी राहते. "हंयच ऱ्हवांदे त्येका" असे म्हणायला माणूस लागतो. ज्या दिवशी सरकारी नकाशा आणि त्या वृद्धाचे ज्ञान एकमेकांना मान देतील, त्या दिवशी अभयारण्य खऱ्या अर्थाने सुरू होईल. तोपर्यंत दोन्ही बाजूंना धीर हवा, आणि पाहुण्यांना शिस्त.

शिस्तीची निकड आज अधिक आहे, कारण ते दूरचे बर्फ पुन्हा कामाला लागले आहे. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे वीस सेंटिमीटरांनी वाढली. २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता. ग्रीनलंडमधील व दक्षिण ध्रुवावरील बर्फ आणि पर्वतांतील हिमनद्या वितळत आहेत, आणि तापलेले पाणी स्वतःही प्रसरण पावते. उष्ण पाण्यात पोवळी आपल्या अंगातील सूक्ष्म वनस्पतींना गमावून पांढरी पडतात. माझ्या कपाटातील फुलोऱ्याचा पांढरेपणा मी सुंदर समजत होते. समुद्रात तोच पांढरेपणा आजाराची खूण आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या उलथापालथीत एका गोट्याचे ते काय? त्यास आपल्या मद्रासचेच उत्तर देते. १८७५ नंतर येथे बंदरासाठी समुद्रात दगडी भिंती बांधल्या गेल्या. या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकंदरीने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. भिंतींनी ती अडवली. दक्षिणेस वाळू साचून मरीनाचा विस्तीर्ण किनारा तयार झाला, ज्यावर आपण संध्याकाळी सुंडल खात बसतो. उत्तरेस रायपुरम आणि तिरुवोट्टियूरकडे मात्र वाळू पोहोचेना, आणि समुद्र जमीन खाऊ लागला. तेथील वस्त्या वाचवण्यासाठी पुन्हा दगडच टाकावे लागले. किनाऱ्यावरचा दगड कोठे ठेवला आणि कोठून काढला, याचा हिशेब समुद्र चोख ठेवतो. आणि देणे फेडतो तो पुष्कळदा दुसराच कोणी, भिंतीच्या पलीकडे राहणारा.

एक गोटा नेल्याने समुद्र खवळत नाही, हे खरे. पण सुट्टीत तेथे हजारो घरांतली मुले येतात, आणि प्रत्येकाच्या पिशवीत एकच गोटा मावतो.

म्हणून वाचकहो, येत्या सुट्टीत आपण कोणत्याही दगडी किनाऱ्यावर जाल, मग तो मालवण असो, हरिहरेश्वर असो, वा आमच्या जवळचे महाबलीपुरम असो, तर एवढे करा. ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारून घ्या आणि भरती लागण्यापूर्वी परता. ओल्या खडकावर मुलांचा हात सोडू नका. एखादा दगड उचलून खाली काय आहे ते अवश्य पाहा. पण तो तसाच, त्याच कुशीवर, परत ठेवा, कारण आपण कुणाचे तरी छप्पर उचललेले असते. पोवळ्यावर पाय देऊ नका आणि विकत मिळाले तरी घेऊ नका. मुलांना वही द्या. खडकावर कालवांची रेघ कोठवर आहे, तिच्यावर काय आहे, तिच्याखाली काय आहे, याचे चित्र त्यांना काढू द्या आणि खाली तारीख लिहावयास सांगा. वीस वर्षांनी त्यांच्यापैकी एखादा तेथे पुन्हा जाईल आणि वही उघडून पाहील. सेल्सिअसने याहून वेगळे काय केले होते?

आमच्या घरचे सांगावयाचे तर नातवाशी माझा करार झाला आहे. गोटा खिडकीतच राहील, पण पुढच्या मे महिन्यापर्यंतच. त्यावर त्याने पेन्सिलीने 'मालवण' असे लिहून ठेवले आहे. तो परत करावयाचा आहे, हे विसरू नये म्हणून. नेमका कोठून उचलला, हे त्याला आठवते. रापण ओढत होते त्याच्या डाव्या हाताला, दोन मोठ्या धोंड्यांच्या मध्ये.

पोवळ्याचा तो फुलोरा मी काचेच्या कपाटातून काढला आहे. नातवाने विचारले, "आजी, हाही परत नेऊ या का?" मी त्याला सांगितले की, गोट्याला परत जाता येते, पण याला आता येणार नाही. तो काही बोलला नाही. फुलोरा जेथे होता, तेथील रिकामी जागा मात्र मी तशीच ठेवली आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा त्यांना ही हकिगत सांगते.